झोप होऊनही दिवसभर थकवा : चाळिशी-पन्नाशीतले तुम्ही काय करता?

रानजाई

नमस्कार. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, म्हणून धागा काढते आहे.

वय ४६. राहते ठाण्याला, नोकरी फोर्टात. मुलगा बारावीला, सासूबाईंचं मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी. यात जगावेगळं काही नाही. माझ्या डब्यातल्या निम्म्या बायकांचं हेच चाललेलं असतं. पण गेलं वर्षभर थकवा म्हणून जो लागलाय तो जायचं नाव घेत नाही. रात्री साडेदहा-अकराला पडते, सहाला उठते, म्हणजे झोप अगदीच कमी म्हणता येणार नाही. तरी सकाळी अंग जड. दुपारी तीनच्या सुमाराला समोरचे आकडे नुसते दिसतात, डोक्यात शिरत नाहीत. स्टेशनचा पूल चढताना मधेच कठडा धरून थांबावं लागतं. रविवारी दुपारभर झोपलं तरी सोमवारी पुन्हा तेच.

ज्याला सांगावं तो म्हणतो, "चाळिशीनंतर होतंच." मला हे पटत नाही. माझ्याच वयाच्या, माझ्याइतकीच धावपळ करणाऱ्या दोघी-तिघी मैत्रिणी अशा थकत नाहीत. मग वयाचा दोष कसा?

विचारायचं ते असं : किती थकवा कामाचा समजायचा आणि कुठून पुढे डॉक्टरकडे जायचं? कुठल्या तपासण्यांचा खरंच उपयोग होतो? आणि सगळे रिपोर्ट चांगले आले तर पुढे काय? 'मन प्रसन्न ठेवा' हे भरपूर ऐकून झालंय, त्यामुळे प्रत्यक्ष काय केलंत आणि काय लागू पडलं ते लिहा.

तिखटमीठ

वाचताना वाटलं माझ्याच घरात बसून लिहिलंय. प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

मुक्काम_डोंबिवली

रानजाई, तुमच्या दिवसात प्रवास किती तास आहे ते लिहिलं नाहीत. माझे रोजचे साडेतीन तास जातात, त्यातले अर्धे उभ्याने. गर्दीत उभं राहणं म्हणजे एका हाताने दांडी, दुसऱ्या हाताने बॅग आणि पूर्ण वेळ अंग आखडलेलं. हा व्यायाम नाही आणि आरामही नाही. करोनाच्या काळात घरून काम होतं तेव्हा कामाचे तास वाढले होते, पण मी इतका थकत नव्हतो. त्यावरून मला तरी कळलं की माझा थकवा लोकलचा आहे. आता आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतलंय. त्या दोन दिवसांत फरक पडतो, हे नक्की.

देवचाफा

मी कोल्हापुरात जनरल प्रॅक्टिस करतो. रोजच्या ओपीडीत 'अशक्तपणा वाटतो' म्हणून येणारे कायम असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रत्यक्ष तपासणीला हा पर्याय नाही हे गृहीत धरा.

पहिला प्रश्न मी पेशंटला विचारतो तो हा की थकवा म्हणजे नेमकं काय होतं? बसल्या बसल्या डोळा लागतो का? जिना चढताना दम लागतो का? हातापायांत ताकद नाही असं वाटतं का? की ताकद आहे पण काही करावंसंच वाटत नाही? चारही लोक 'थकवा' असंच सांगतात, पण वाटा वेगळ्या आहेत. डोळा लागत असेल तर झोपेचा विचार आधी. दम लागत असेल तर रक्त, हृदय, फुप्फुसं. ताकद नसेल तर थायरॉइड, साखर, स्नायू. आणि काही करावंसं वाटत नसेल तर मनाकडेही बघावं लागतं.

रानजाई, तुम्ही पुलावर थांबता असं लिहिलंय. ४६ व्या वर्षी ते नेहमीचं म्हणून सोडू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी १२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हरच्या चाचण्या आणि लघवी एवढं करून घ्या. सोबत बीपी, वजन, आणि डॉक्टरांना वाटलं तर ईसीजी. पाळी कशी आहे तेही त्यांना न लाजता सांगा.

हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे आपल्याकडे 'होतंच' म्हणतात ते एका अर्थी खरं आहे, निम्म्याहून जास्त जणींना होतंच. पण ते बरं करता येतं, आणि ते कुणी सांगत नाही.

तपासणीच्या आधी दुकानातून टॉनिक किंवा लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होतं. आणि थकव्याबरोबर वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, रात्री घामाने अंथरूण भिजत असेल, खोकला हटत नसेल, छातीत दाबल्यासारखं होत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर धागे वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. क्षयरोग आपल्याकडून गेलेला नाही. आणि हृदयविकारात बायकांना पुष्कळदा छातीतली कळ ठळक नसते, नुसता अचानक आलेला थकवा आणि दम असतो.

तिखटमीठ

डॉक्टर, फेरिटिन म्हणजे काय? माझं हिमोग्लोबिन १२.३ आहे, मग मी सुटले ना?

देवचाफा

नाही, सुटलात असं लगेच म्हणता येत नाही. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. घरात डबा रिकामा झाला तरी त्या दिवशीची भाकरी ताटात असते, तसं. प्रौढांत फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना मानते, आणि लक्षणं असतील तर बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात. मात्र अंगात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं. त्यामुळे एकटा आकडा बघू नका.

शेवंती

हे वाचून राहवलं नाही.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, हिंगोली जिल्ह्यात. चाळिशीनंतर माझी पाळी सात-आठ दिवस चालायची, गाठी जायच्या, तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागायचं. शाळेत बायकांचं स्वच्छतागृह धड नाही, म्हणून त्या दिवसांत मी पाणीच प्यायचे नाही. आई म्हणायची, जाता जाता असंच होतं. जावा म्हणायच्या, आमचंही असंच. फळ्यावर लिहिताना हात भरून यायचा. मुलं म्हणायची, बाई, तुम्ही बसून शिकवा.

शेवटी गावात आरोग्य शिबिर होतं, तिथे हिमोग्लोबिन ७.८ निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. सलाइनमधून लोह दिलं, मग पुढे फायब्रॉइडचा इलाज झाला. महिनाभरात शाळेच्या मैदानाला फेरी मारताना धाप लागेनाशी झाली. मला वाटायचं आपण मुळातच अशक्त प्रकृतीच्या आहोत. तशी नव्हतेच मी.

बायांनो, किती दिवस जातं, किती जातं, गाठी जातात का, हे डॉक्टरला सांगा. पुरुष डॉक्टर असला तरी सांगा.

अण्णा_सातारकर

वय ७१. चर्चा चांगली चालली आहे, पण एक वेगळा विचार मांडतो. आमच्या आई पहाटे चारला उठायच्या. जातं, विहिरीचं पाणी, चूल, गुरं, शेत. सहा मुलं. त्यांना फेरिटिन माहीत नव्हतं. आज घरात गॅस, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं आहे आणि सगळे दमलेले. मला वाटतं शरीराचे कष्ट कमी झाले आणि डोक्याचे वाढले, आणि डोक्याला विश्रांती कशी द्यायची हे आपण विसरलो. तपासण्या करू नका असं म्हणत नाही, पण प्रत्येक थकव्याला रिपोर्ट शोधणं मला पटत नाही.

तिखटमीठ

अण्णा, आई चारला उठायच्या तेव्हा घरातले पुरुष कितीला उठायचे, तेही लिहा की! :)

मांडवी

अण्णा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. मी मडगावला नर्स आहे, वीस वर्षांहून जास्त काळ वॉर्डात काढला. त्या आया थकत नव्हत्या हे कशावरून? त्यांना कुणी विचारलंच नाही. आमची आजी दुपारी माजघरात भिंतीला टेकून बसायची ती पाच-पाच मिनिटं डोळे मिटून. आम्ही पोरं म्हणायचो, आजी देवाचं करते. आता माझ्या हाताखालून इतक्या बायका गेल्यावर आजीचे पांढरेफटक तळवे आठवतात आणि कळतं ते काय होतं. बाळंतपणात आणि बाळंतपणानंतर किती बायका जायच्या, तेही त्याच काळातलं आहे.

नाइट ड्यूटीबद्दलही लिहिते, कारण रानजाईंच्या मिस्टरांची शिफ्ट आहे. रात्रपाळी करणाऱ्याची दिवसाची झोप तुटक असते. दारावरची बेल, कुकर, फोन. आमच्या घरी मी रात्रपाळीहून आले की माझ्या खोलीला जाड पडदा, फोन बाहेर, आणि दुपारी दोनपर्यंत कुणी हाक मारायची नाही हा नियम नवऱ्याने आणि मुलांनी पाळला. घरी येताना सकाळचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून गॉगल लावते. रात्रीच्या ड्यूटीत तीन वाजल्यानंतर चहा-कॉफी नाही. कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

अण्णा_सातारकर

मांडवीताई, आजीचं वाचून वाईट वाटलं. पण माझ्या म्हणण्यातला एक धागा सोडू नका. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला जेवणं, नऊला कंदील बारीक. बारा महिने तीच वेळ. आता माझा मुलगा रात्री अकराला जेवतो, एकपर्यंत फोन बघतो, आणि रविवारी दहाला उठतो. वेळ नेमकी ठेवण्याला पैसे पडत नाहीत.

देवचाफा

अण्णांना या मुद्द्यावर पूर्ण अनुमोदन. झोपायची वेळ एक वेळ मागेपुढे झाली तरी चालेल, उठायची वेळ रोज एक ठेवा, रविवारीसुद्धा. झोप सुधारायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

लीड्सकर

मी मूळची नाशिकची, सध्या इंग्लंडात. रानजाईंनी 'झोप होऊनही' असं लिहिलंय, त्यावरून माझ्या नवऱ्याची गोष्ट सांगते.

तो आठ तास झोपायचा आणि सकाळी उठला की डोकं दुखायचं. मीटिंगमध्ये डोळा लागायचा, सिग्नलला गाडी थांबली की पेंगायचा. घोरणं इतकं की मुलगी दार लावून झोपायची. मी रात्री जागी असताना लक्ष दिलं तर घोरणं मधेच बंद पडायचं, काही सेकंद शांत, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. त्याला स्वतःला यातलं काहीही माहीत नव्हतं. घरी मशीन देऊन रात्रीची झोप-तपासणी झाली आणि स्लीप ॲप्निया निघाला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासनलिका मिटते, ऑक्सिजन उतरतो, आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास ओढतो. असं तासाला कितीतरी वेळा. म्हणजे आठ तास अंथरुणात असून झोप झालेलीच नसते. हवेच्या दाबाने श्वासनलिका उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लावून झोपायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याचा चेहरा बदलला. बीपीची गोळीही पुढे कमी झाली.

बायकांमध्येही हे असतं, विशेषतः पाळी गेल्यानंतर, पण बायका घोरतात हे कुणी मान्य करत नाही म्हणून राहून जातं.

मुक्काम_डोंबिवली

लीड्सकर, हे वाचून बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी हे दोन वर्षं सांगतेय." आता शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.

सोनकी

कुणी व्यायामाबद्दल बोललंच नाही अजून. तिशीनंतर दर दशकात स्नायू थोडे थोडे घटत जातात आणि बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास ते जास्त जाणवतं. स्नायूच नसतील तर तीच पिशवी, तोच जिना जास्त जड होणार. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. जिमच पाहिजे असं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीवर जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या.

आणि प्रोटीन. वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम हे आपल्याकडचं शिफारस केलेलं प्रमाण. ६० किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरणाचं पाणी आणि भात, यात ते भरत नाही. उसळ रोज हवी, वरण घट्ट हवं, दही-ताक, अंडी चालत असतील तर अंडी.

मी स्वतः पंचेचाळिशीत सुरू केलं. पहिले काही आठवडे उलट जास्त थकले, मग हळूहळू चढलं.

कंदीलपुष्प

सोनकी, सगळं खरं. पण कधी? सकाळी दोन डबे, संध्याकाळी घरी आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आत कुकर. या धाग्यावर इतके प्रतिसाद झाले आणि काम कोण करतं हा प्रश्न फक्त तिखटमीठने अण्णांना विचारला. मला तो सगळ्यांना विचारायचाय.

केंद्र सरकारची २०२४ ची वेळवापर पाहणी बघा. स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. आणि ही ८८ मिनिटं जे पुरुष घरात काहीतरी करतात फक्त त्यांच्यातली आहेत. जे काडीही हलवत नाहीत ते यात मोजलेलेच नाहीत. बायकांचे जवळजवळ पाच तास, नोकरी असेल तर ती वेगळी. याला लोहाची गोळी नाही.

आणि हाताने करायच्या कामापेक्षा लक्षात ठेवायचं काम जास्त दमवतं. गॅस कधी लावायचा, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, क्लासची फी, बाईंची सुट्टी, उद्या कोणती भाजी. नवरा म्हणतो, "सांग ना, मी करतो." सांगायचं कामही माझंच!

आमच्याकडे बदल झाला तो भांडणातून झाला. आता संध्याकाळचं स्वयंपाकघर पूर्ण त्याचं. 'मदत' नाही. काय करायचं हे ठरवणं, भाजी आणणं, निवडणं, करणं, ओटा पुसणं, सगळं. सुरुवातीला खिचडी फार व्हायची. मी तोंड बंद ठेवलं. त्या वेळात मी चालायला जाते. माझ्या तब्येतीत जो फरक पडला तो यानंतर.

तिखटमीठ

कंदीलपुष्प, हा प्रतिसाद छापून आमच्या फ्रिजवर लावतेय.

मुक्काम_डोंबिवली

कंदीलपुष्प, आकडे मान्य. पण पुरुष नुसते बसलेले असतात असं चित्र नको. गृहकर्जाचा हप्ता, नोकरी कधी जाईल याची टांगती तलवार, रात्री दहाला येणारे ऑफिसचे फोन. आणि आमच्यात थकलो म्हणायची सोय नाही. माझा मित्र ४९ चा, थकवा थकवा करत होता, सगळे म्हणाले कामाचा ताण. हिमोग्लोबिन ९ निघालं. आम्ही म्हटलं पालक खा. डॉक्टर म्हणाले पुरुषाचं लोह असं जात नाही, आणि दुर्बिणीने तपासलं तर मोठ्या आतड्यात गाठ. वेळेत सापडली म्हणून आज तो आहे.

देवचाफा

मुक्काम, हे लिहिलंत ते बरं केलंत. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर ते पोटातून-आतड्यातून कुठे जातंय का हे शोधलंच पाहिजे. नुसत्या गोळ्या देऊन सोडणं चूक आहे.

आणखी एक राहिलं. सीबीसीत पेशींचा आकार लहान, पण लोह उत्तम, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष, असू शकतो. तिथे लोहाच्या गोळ्यांनी फायदा नाही. एचपीएलसी नावाची साधी रक्ततपासणी आहे. मुलांच्या लग्नाआधी ती माहिती घरात असलेली चांगली.

पिंपळपान

मी मधुमेही, मेटफॉर्मिन घेतो, शुद्ध शाकाहारी. पायांना मुंग्या यायच्या आणि थकवा. बी १२ फार कमी निघालं. हे औषध बरीच वर्षं घेतल्यावर बी १२ उतरतं हे मला त्या दिवशी कळलं. दोन-तीन वर्षांतून एकदा तरी तपासा.

मांडवी

पिंपळपान, आणि केवळ शाकाहाऱ्यांनाच होतं असंही नाही. रोज मासे खाणाऱ्यांतही बघितलंय, पोटात शोषणच होत नसेल तर खाऊन काय उपयोग. आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही बघून घ्यावं.

बकुळी_५१

थायरॉइडवाल्यांसाठी : गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्धा-पाऊण तासाने. मी गोळी चहाच्या घोटाबरोबर घ्यायचे आणि टीएसएच खाली येतच नव्हता. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर.

अश्वगंधा कुणी घेतंय का? मावसबहीण फार स्तुती करते.

देवचाफा

बकुळीताई, थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा आपल्या मनाने नको. तिने थायरॉइडचं प्रमाण वाढू शकतं, आणि काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. घ्यायची असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांची औषधं दाखवा. सर्दीच्या, ॲलर्जीच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही सुस्ती येते. म्हणून तपासायला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जा.

सदाफुली_नागपूर

सगळे रिपोर्ट चांगले आले तर काय, हे रानजाईंनी विचारलं होतं. माझे आले होते. हिमोग्लोबिन १३, थायरॉइड ठीक, साखर ठीक. तरी सकाळी दात घासायला उठणं डोंगराएवढं वाटायचं. वडील गेल्यानंतरचं वर्ष होतं. मी रडत नव्हते, म्हणून मला ते दुःख वाटलंच नाही. गाणं ऐकायचे नाही, कुणाचा फोन घ्यावासा वाटायचा नाही, पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची ती यायचीच. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ओळखलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्य होतं. औषधं आणि समुपदेशन दोन्हींनी उतरत गेलं.

कुणाला थेट डॉक्टरकडे जायचा धीर होत नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शेवंती

सदाफुली, लिहिलंत त्याबद्दल आभार. हे माझ्या एका सहकारी बाईंना आजच दाखवते.

पुणेरी_पगडी

एक महत्त्वाचा उपाय राहून गेला. वामकुक्षी. आमच्या गावाने १ ते ४ बंद ठेवून जे साधलं ते जगाला अजून कळलेलं नाही.

लीड्सकर

पगडी, :) :) पण दुपारची ती गुंगी शरीराच्या घड्याळातच असते, जेवण हलकं असलं तरी येते. वीस मिनिटं पडलं तर बरं वाटतं. तासभर झोपलं तर उठल्यावर जड होतं आणि रात्रीची झोप बिघडते. तीन तासांचं पुण्यावर सोडू.

पुणेरी_पगडी

वीस मिनिटं तर आम्हाला सतरंजी शोधायला लागतात.

बकुळी_५१

खाण्याचं लिहा कुणीतरी. अळिवाचे लाडू, लोखंडी तवा, खजूर?

मांडवी

लोखंडी कढईत आंबट आमटी किंवा टोमॅटोची भाजी केली तर लोह उतरतं, हे खरं. भाकरीलाही लोखंडी तवाच वापरा. पोह्यावर, उसळीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. आणि पोह्याबरोबर चहा घेतलात तर तो फायदा गेला, चहाने लोह अडतं. जेवणात आणि चहात तासाभराचं अंतर. अळीव चांगलाच, लाडू करा. पण रक्तक्षय झाल्यावर नुसत्या लाडवांवर राहू नका. गूळ-शेंगदाण्यावर तर अजिबात नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. देवचाफा यांनी दिलेली यादी घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले होते. हिमोग्लोबिन ११.१, फेरिटिन ९. थायरॉइड, साखर, बी १२ ठीक. ईसीजीही चांगला. पाळीचं शेवंतीताईंनी लिहिलं होतं तसं नीट सांगितलं, तर सोनोग्राफी लिहून दिली आहे, ती पुढच्या आठवड्यात. लोहाची गोळी एक दिवसाआड दिली आहे.

कंदीलपुष्पचा प्रतिसाद नवऱ्याला आणि मुलाला वाचून दाखवला. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने सासूबाईंचं सगळं, म्हणजे गोळ्या, फिजिओथेरपी, डॉक्टरांच्या तारखा, स्वतःकडे घेतलं. त्याला शिफ्टमुळे रोजचा स्वयंपाक जमणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण सासूबाईंच्या गोळ्या आता माझ्या डोक्यात नसतात, आणि मला नुसतं तेवढ्यानेही मोकळं वाटतंय. मुलगा सकाळी स्वतःचा डबा भरतो. बारावी आहे म्हणून त्याला काही सांगायचं नाही असं माझ्या सासरी-माहेरी सगळ्यांचं मत आहे, पण दहा मिनिटांनी त्याचं वर्ष बुडत नाही असं मी ठरवलंय.

दोन शंका आहेत. गोळीने शौचाला काळं होतंय आणि बद्धकोष्ठ झालंय, हे चालतं का? आणि एक दिवसाआड का दिली? मैत्रीण म्हणते दिवसातून दोनदा घ्यायची असते.

देवचाफा

लोहाच्या गोळीने काळपट होणं नेहमीचं आहे. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वास येणारं झालं किंवा चक्कर आली तर ताबडतोब दाखवा. बद्धकोष्ठाला पाणी, फळं, पालेभाजी, आणि तरी जमलं नाही तर डॉक्टरांना सांगून गोळीचा प्रकार बदलून घ्या. कंटाळून बंद मात्र करू नका.

एक दिवसाआड देण्यामागे कारण आहे. लोहाची गोळी घेतली की शरीर हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि त्याने पुढचा सुमारे दिवसभर लोहाचं शोषण दाबलं जातं. त्यामुळे मधे दिवस सोडला तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं आणि पोटालाही त्रास कमी होतो. तुमच्या डॉक्टरांनी विचार करून दिलंय.

गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. तीन-चार आठवड्यांत सीबीसी परत करा, हिमोग्लोबिन चढताना दिसलं पाहिजे. आणि १२ च्या वर गेलं की थांबायचं नाही. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. बहुतेकजण इथेच सोडतात आणि वर्षाने परत तोच थकवा घेऊन येतात. सोनोग्राफी टाळू नका, लोह कुठून जातंय ते बंद झालं नाही तर वरून कितीही घातलं तरी पुरणार नाही.

कंदीलपुष्प

रानजाई, सासूबाईंच्या डॉक्टरकडे गेल्यावर मिस्टरांनी "पुढची तारीख कधी होती गं?" असा फोन केला तर उत्तर देऊ नका. फाइलवर लिहिलेली असते.

तिखटमीठ

माझं फेरिटिन आलं. १४. उद्या डॉक्टरकडे. बकुळीताई, अळिवाच्या लाडवांचं प्रमाण टाका.

बकुळी_५१

एक वाटी अळीव, दोन नारळांचं खोबरं, दोन वाट्या गूळ. अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे, गूळ-खोबरं घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत परतायचं, जायफळ घालून कोमट असतानाच वळायचे. पाणी कमी पडलं तर थोडं दूध. गर्भारपणात मात्र अळीव डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.